वाजवणाऱ्यांचे संगीत: जॉर्जियन इंग्लंडमधील हार्प्सिकॉर्डचा आढावा

पहिला जॉर्ज 1714 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि चौथा जॉर्ज 1830 मध्ये वारला. या सव्वाशे वर्षांच्या आतल्या काळाकडे संगीताचे इतिहासकार फारसे आदराने पाहत नाहीत. 1695 मध्ये पर्सेल गेला, 1899 मध्ये एल्गारच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ आल्या, आणि मधल्या दोन शतकांत इंग्रजांना आपला म्हणावा असा एकही थोर रचनाकार लाभला नाही, असा साचेबंद निकाल वर्षानुवर्षे दिला जातो. ऑस्कर श्मिट्झ या जर्मन लेखकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला ‘संगीत नसलेला देश’ ठरवले आणि ते लेबल चिकटून बसले. त्या काळच्या हार्प्सिकॉर्ड संगीताच्या वाट्याला तर दुहेरी उपेक्षा आली. एक तर ते इंग्लंडचे, आणि त्यात पियानोने मोडीत काढलेल्या वाद्याचे. मला हा निकाल चुकीचा वाटतो, कारण त्याची कसोटीच चुकीची आहे. थोर रचनाकारांची डोकी मोजत बसलो तर या काळाचे वैशिष्ट्य हाती लागत नाही. फ्रान्समध्ये कूपरँ आणि रामो यांच्यामागे दरबार आणि सरदारांची घरे होती. इंग्लंडमध्ये हार्प्सिकॉर्डचा संसार चालवला तो कारागीर, छापखाना आणि घरी बसून वाजवणारी हजारो माणसे या तिघांनी. हे संगीत श्रोत्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, वाजवणाऱ्यांसाठी लिहिलेले होते. त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिथून येतात.

आधी वाद्याकडे पाहू. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक उभी लाकडी पट्टी वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पक्ष्याच्या पिसाची नखी तार छेडते. पट्टी हलकी दाबा वा जोरात, आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणून या वाद्यावरचा भाव सुरांच्या लांबीवर, दोन सुरांमध्ये सोडलेल्या फटीवर, अलंकारांवर आणि एका वेळी किती सूर वाजतात यावर उभा असतो. फ्लेमिश परंपरेतला हर्मान ताबेल लंडनमध्ये वाद्ये बनवत असे. त्याच्या कारखान्यात दोन परदेशी तरुण तयार झाले: स्वित्झर्लंडहून 1718 मध्ये आलेला बुर्काट शूडी आणि आल्सासचा याकोब कर्कमन. ताबेलच्या मृत्यूनंतर कर्कमनने 1738 मध्ये त्याच्या विधवेशी लग्न केले आणि धंदा हाती घेतला. शूडीने 1742 मध्ये ग्रेट पल्टनी स्ट्रीटवर आपले बस्तान बसवले. ओक लाकडाच्या सांगाड्यावर अक्रोडाचे आणि पुढे महोगनीचे पातळ थर चढवलेली, पाच सप्तकांची, पट्ट्यांच्या एक किंवा दोन ओळींची त्यांची वाद्ये युरोपभर नावाजली गेली. प्रशियाच्या फ्रेडरिकने शूडीकडून वाद्ये मागवली. शूडी आणि त्याचा जावई जॉन ब्रॉडवुड यांच्या वाद्यांचे अनुक्रमांक हजाराच्या पुढे गेले. एका शहरातल्या एका कारखान्याचा हा आकडा आहे. त्याच्या तोडीचा कर्कमन होता आणि मध्यम घरांना परवडणारी लहान स्पिनेट बनवणारे कारागीर आणखी वेगळे. ज्या देशात संगीतच नाही, तिथे ही वाद्ये कोण विकत घेत होते, हा प्रश्न श्मिट्झसारख्यांनी स्वतःला कधी विचारला नाही.

वाद्य घरात आले की वाजवायला काहीतरी लागते, आणि ही गरज छापखान्याने भागवली. स्ट्रँडजवळच्या कॅथरीन स्ट्रीटवरचे जॉन वॉल्श याचे दुकान म्हणजे या धंद्याचे केंद्र. ऑपेरा रंगमंचावर गाजला की त्यातली गाणी हार्प्सिकॉर्डसाठी बेतून लगेच विक्रीला येत. हॅन्डेलच्या ‘रिनाल्डो’मधल्या गाण्यांवर विल्यम बाबेलने रचलेल्या झगमगत्या आवृत्त्या 1717 च्या सुमारास घरोघरी पोचल्या होत्या. हॅन्डेलच्या ऑर्गन कॉन्सर्टोंचा पहिला संच 1738 मध्ये छापताना वॉल्शने मुखपृष्ठावर आधी हार्प्सिकॉर्डचे नाव घातले आणि मग ऑर्गनचे. थिएटरमध्ये मध्यंतरात गाजलेले संगीत घरच्या वाद्यावर वाजवता यावे, हा त्यामागचा स्पष्ट हिशेब होता. या बाजाराला चोरीची कीडही होतीच. आपल्या रचनांच्या चोरट्या आणि चुकांनी भरलेल्या प्रती बाहेर पसरल्या आहेत म्हणून आपल्याला छपाई करावी लागते आहे, असे हॅन्डेलने 1720 च्या आपल्या हार्प्सिकॉर्ड सुइटांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत उघड सांगितले आणि राजाकडून 14 वर्षांचा छपाईचा हक्क मिळवला. पुढे धाकट्या बाखने, म्हणजे योहान ख्रिस्तियान बाखने, परवानगीशिवाय आपल्या रचना छापणाऱ्या लाँगमन या प्रकाशकाला कोर्टात खेचले. 1777 मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला की छापील संगीत हेही लेखनच आहे आणि पुस्तकांना मिळणारे कायद्याचे संरक्षण त्यालाही मिळाले पाहिजे. हा खटला उभा राहिला तो घरी वाजवायच्या संगीतात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही गुंतलेली होती म्हणून.

हॅन्डेलचे 1720 चे ते पुस्तक म्हणजे या साऱ्या काळाचा पाया. आठ सुइटांचा हा संच एका जर्मन माणसाने लंडनमध्ये फ्रेंच शीर्षकाखाली छापला आणि त्यात इटालियन ढंगाचे भाग, जर्मन फ्यूग आणि फ्रेंच नृत्ये शेजारी शेजारी बसवली. पहिल्या, ए मेजरमधल्या सुइटच्या सुरुवातीच्या प्रेल्यूडमध्ये तो बराचसा भाग नुसते कॉर्ड लिहून सोडून देतो. ते कसे उलगडायचे, किती वेळ रेंगाळायचे, कुठून वर जायचे आणि कुठे उतरायचे, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे. नोटेशनची अशी मोकळी जागा हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या माणसाला बुचकळ्यात टाकणार नाही. पाचव्या, ई मेजरमधल्या सुइटच्या शेवटी एक साधे गाणे आहे आणि त्यावर पाच व्हेरिएशन्स आहेत. एकोणिसाव्या शतकात त्याला ‘हार्मोनियस ब्लॅकस्मिथ’ हे नाव आणि एका लोहाराची दंतकथा चिकटली. हॅन्डेलचा त्या दोन्हींशी संबंध नाही. मूळ गाण्याच्या चालीला बराबरीची लय धरले तर पहिल्या व्हेरिएशनमध्ये उजवा हात दुगुन घेतो, दुसऱ्यात तीच दुगुन डाव्या हाताकडे जाते. तिसऱ्यात उजवा हात तिगुनीत जातो, चौथ्यात डावा. पाचव्यात चौगुनीच्या ताना या हातातून त्या हातात उसळत राहतात, आणि गाण्याचा सांगाडा, त्याचे मुक्काम, त्याचा परतीचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेवरून हलत नाही. सगळी चढती कमान लयकारीवर उभी आहे, कारण आवाज वाढवण्याची सोयच वाद्यात नाही. या पाच व्हेरिएशन्समध्ये शिकाऊ माणसाला दोन्ही हातांचा समान सराव मिळतो आणि कसलेल्या वादकाला सभा जिंकता येते. घरगुती संगीत म्हणजे कमी प्रतीचे संगीत, हा समज इथेच मोडतो.

हॅन्डेलच्या छायेत इतर काही उगवले नाही, हे दुसरे सोपे विधान. त्याला सर्वांत ठोस उत्तर म्हणजे लंडनचे स्कार्लाटी-वेड. डोमेनिको स्कार्लाटी पोर्तुगाल आणि स्पेनच्या दरबारात आयुष्य घालवत होता, आणि युरोपच्या बऱ्याच भागात त्याचे सोनाटे नीट पोचलेही नव्हते. लंडनमध्ये मात्र त्याचा ‘एसेर्चित्सी’ हा 30 सोनाटांचा संच 1738-39 च्या सुमारास छापून निघाला आणि त्याच 1739 मध्ये थॉमस रोझिंग्रेव्हने 42 रचनांची वाढीव आवृत्ती काढली. तरुणपणी इटलीत स्कार्लाटीचे वादन ऐकून आपण इतके हादरलो की पुढे महिनाभर वाद्याला हात लावला नाही, असे रोझिंग्रेव्हने सांगितल्याची नोंद इतिहासकार चार्ल्स बर्नीने केली आहे. न्यूकॅसलच्या चार्ल्स एव्हिसनने 1744 मध्ये स्कार्लाटीच्या सोनाटांवरून तंतुवाद्यांसाठी 12 कॉन्सर्टो बांधले. जॉन वर्गनने त्याचे आणखी सोनाटे प्रसिद्ध केले आणि जोसेफ केल्वेने 1764 मध्ये त्याच वळणाचे स्वतःचे सोनाटे छापले. हातावर हात टाकणे, एकच सूर झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडणे, पट्ट्यांवरून लांब उड्या घेणे, कानाला खुपणाऱ्या सुरांची मुद्दाम केलेली गर्दी, हे सगळे इंग्रज वादक आवडीने शिकले. यामागे कोणा राजाची आवड नव्हती. एका ऑर्गनवादकाने एक पुस्तक छापले, शेकडो घरांनी ते घेतले आणि दूरच्या दरबारात अडकलेला एक विलक्षण रचनाकार लंडनच्या बैठकीच्या खोल्यांत जिवंत राहिला. खुल्या बाजारातून उत्तम संगीत पुढे येऊ शकते याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण.

देशी रचनाकारांचे काय? त्यांच्यातल्या बहुतेकांचा चरितार्थ चर्चच्या ऑर्गनवर, शिकवण्यांवर आणि वर्गणीदार जमवून काढलेल्या पुस्तकांवर चालत असे. यॉर्कच्या कॅथेड्रलमधला जेम्स नेअर्स 1747 मध्ये आठ सुइट काढतो. लहानपणीच दृष्टी गेलेला जॉन स्टॅन्ली 1748 ते 1754 या काळात वॉलंटरी नावाच्या 10-10 रचनांचे तीन संच छापतो आणि तेही ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्डसाठी. पार्श्वभूमीने इटालियन असलेली, पण लंडनमध्येच वाढलेली एलिझाबेटा दे गाम्बारीनी 1748 मध्ये स्वतःच्या सहा रचनांचा संच काढते. ब्रिटनमध्ये स्त्रीने छापलेला हा अशा प्रकारचा पहिला संच मानला जातो. या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत उजवा आहे थॉमस आर्न. ‘रूल, ब्रिटानिया’चा कर्ता म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण 1756 मध्ये त्याने छापलेले आठ हार्प्सिकॉर्ड सोनाटे कितीतरी अधिक मोलाचे आहेत. यातल्या कोणत्याही दोन सोनाटांचा आराखडा सारखा नाही. कुठे गंभीर फ्यूग मध्येच उभा राहतो, कुठे सिसिलियानोची डोलणारी चाल, आणि आठव्यात तर सगळा भार मिन्युएटवरच्या व्हेरिएशन्सवर. त्याचा धर्म कॅथलिक, म्हणून चर्च आणि दरबारातल्या नेमणुका त्याला जवळपास बंदच होत्या. थिएटर आणि वॉक्सहॉलसारख्या बागांमधल्या गाण्यांवर त्याचे पोट होते. म्हणूनच त्याची चाल गळ्यातून निघाल्यासारखी वाटते. हॅन्डेलचे वजन, स्कार्लाटीची चपळाई आणि बागेतल्या गाण्याची सहजता एका सोनाटात एकत्र आणणे हे अनुकरण करणाऱ्याचे काम नव्हे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. हॅन्डेल जर्मन, शूडी स्विस, कर्कमन आल्सासचा, धाकटा बाख जर्मन, रचनाकार क्लेमेंती रोमचा, मग यात इंग्लंडचे काय उरते? आक्षेपातले तपशील खरे आहेत, निष्कर्ष खरा नाही. ही माणसे लंडनला आली तेव्हा बरीचशी तरुण होती आणि त्यांचे महत्त्वाचे काम तिथे, तिथल्या गिऱ्हाइकासाठी झाले. हॅन्डेलने 1727 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतले, कर्कमनने 1755 मध्ये. क्लेमेंती चौदा-पंधरा वर्षांचा असताना पीटर बेकफर्ड या इंग्रज धनिकाबरोबर आला आणि डॉर्सेटच्या एका हवेलीत वर्षानुवर्षे हार्प्सिकॉर्डवर रियाज करत वाढला. वाद्य म्हणून पाहिले तरी कर्कमनचे काम आल्सासच्या वाद्यांसारखे वाजत नाही. त्याचा भरदार, घुमणारा, खालच्या सप्तकात जवळपास ऑर्गनची आठवण देणारा नाद लंडनच्या मागणीने घडवला. संगीताचे नागरिकत्व रचनाकाराच्या जन्मगावावरून ठरवायचे असेल, तर भीमसेन जोशी गदगचे म्हणून महाराष्ट्राने त्यांच्यावरचा हक्क सोडावा लागेल. संगीत कोणी वाजवले, कोणी विकत घेतले, कोणत्या खोल्यांत ते घुमले, यावरून त्याचे घर ठरते. त्या अर्थाने हे संगीत पूर्णपणे इंग्लंडचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरगुती बाजारासाठी लिहिलेले संगीत बाजाराच्या पातळीवर उतरते, आणि त्या काळच्या शेकडो पुस्तकांत हलकेफुलके मिन्युएट आणि एकसारखे भरतीचे तुकडे सापडतात. हे मान्य केलेच पाहिजे. वाजवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. लग्नाच्या बाजारात हार्प्सिकॉर्ड येणे ही जमेची बाजू होती, पण लग्नानंतर ते कौशल्य बैठकीच्या खोलीतच राहावे अशी अपेक्षाही होती. उत्तम तयारीच्या कितीतरी स्त्रियांना सार्वजनिक मंच मिळाला नाही आणि म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या आवाक्याचे संगीत लिहायला कोणी बसले नाही, हे या परंपरेचे खरे नुकसान आहे. तरीही या वर्गाला कमी लेखणे चूक ठरेल. हॅन्डेलची शिष्या राजकन्या अ‍ॅन चांगली वादक होती, राणी शार्लट स्वतः वाजवत असे. आठ वर्षांचा मोत्सार्ट 1764-65 मध्ये लंडनला आला, तेव्हा त्याने आपले सहा सोनाटे तिलाच अर्पण केले. योहान ख्रिस्तियान बाखने 1766 मध्ये लंडनमध्ये छापलेले ओपस 5 चे सोनाटे घरच्या वादकांसाठीच होते. त्यातले तीन घेऊन मोत्सार्टने पुढे कॉन्सर्टो बांधले, आणि त्याच्या स्वतःच्या कॉन्सर्टोंच्या वाटेवरची ती एक पायरी होती. ज्याला आपण हलके घरगुती संगीत म्हणतो, त्यातून मोत्सार्ट शिकला, ही गोष्ट विसरता येत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. कर्कमन आणि शूडी यांची सर्वांत भव्य वाद्ये 1760 ते 1790 मधली, पण त्याच काळात संगीत पियानोकडे वळत होते. 1766 मध्ये झुम्पे या कारागिराचे छोटे चौकोनी पियानो विक्रीत होते, 1767 मध्ये कॉव्हेंट गार्डनमध्ये चार्ल्स डिब्डिनने त्यावर एका गायिकेला साथ केली आणि 1768 मध्ये धाकट्या बाखने त्यावर जाहीर एकल वादन केले. मग उत्तम वाद्ये आणि उत्तम संगीत यांची गाठच पडली नाही, असे म्हणायचे का? मला यात विसंगती दिसत नाही. कारागीर वाजवणाऱ्यांच्या बदलत्या कानाला उत्तर देत होते. शूडीने 1769 मध्ये पेटंट घेतलेली ‘व्हेनेशियन स्वेल’ ही त्याची सुंदर साक्ष आहे. वाद्याच्या तबलीवर खिडकीच्या झडपांसारख्या फळ्यांची एक चौकट बसवलेली असे. पायाने पेडल दाबले की फळ्या हळूहळू उघडत आणि कोंडलेला आवाज बाहेर येई, पेडल सोडले की मिटत. जोडीला असलेल्या दुसऱ्या पेडलने वाजता वाजता तारांचे संच बदलता येत. जोर कमी-जास्त न होणाऱ्या वाद्यातून आवाजाची चढउतार काढण्याची ही धडपड तीस वर्षे चालली आणि मुखपृष्ठांवर ‘हार्प्सिकॉर्ड किंवा पियानोफोर्टे’ असे लिहिले गेले. ब्रॉडवुडने 1793 च्या सुमारास हार्प्सिकॉर्ड बनवणे थांबवले, पण तेच हात, तीच गिऱ्हाइके, तीच दुकाने पियानोकडे वळली. हेडन 1791 मध्ये लंडनला आला तेव्हा त्याच्यापुढे मांडले गेलेले दमदार इंग्लिश पियानो या कारागिरीचेच वारस होते.

या बाजाराचा एक धागा हिंदुस्थानपर्यंत येतो. कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर हार्प्सिकॉर्ड कलकत्त्याला पोचले आणि 1789 मध्ये तिथेच विल्यम हॅमिल्टन बर्ड याने ‘ओरिएंटल मिसेलनी’ हे पुस्तक छापून वॉरन हेस्टिंग्जला अर्पण केले. रेख्ते, टप्पे आणि तराणे हार्प्सिकॉर्डवर बसवलेला हा संग्रह. त्या चालींना ठरावीक मात्रांच्या चौकटीत आणताना फार कष्ट पडले, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात फ्रान्सिस फॉकने बीनवर लेख लिहिला, आणि त्यासाठी बीन हार्प्सिकॉर्डच्या सुरात मिळवून स्वर एकेक करून ताडून पाहिला होता. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड येत नाही, श्रुती निसटतात, हा वाद महाराष्ट्रात पुढे पेटीवरून झाला. त्याची पहिली चकमक इथे झालेली दिसते. बर्डच्या पानांवर रेख्त्याचा जीव उरलेला नाही, हे खरेच. पण घरच्या वाद्यावर जे वाजवता येईल ते आपले करायचे, ही जॉर्जियन इंग्लंडची सवय किती लांब पोचली होती, ते या पुस्तकावरून कळते.

तेव्हा या परंपरेचे मूल्यमापन कसे करायचे? सिंफनी आणि ऑपेरांच्या यादीत तिला जागा शोधू नये. तिने तीन गोष्टी दिल्या. युरोपातली पहिल्या प्रतीची वाद्ये, संगीत छापणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला कायद्याने बांधणारा बाजार, आणि हॅन्डेलच्या सुइटांपासून आर्नच्या सोनाटांपर्यंत हाताला काम व कानाला समाधान देणारे साहित्य. चौथी गोष्ट, म्हणजे स्कार्लाटीसारख्या परक्या प्रतिभेला ओळखून जवळ करण्याची वृत्ती, ही या तिन्हींतूनच निपजली. दरबार मोजकी शिखरे उभी करतो. बाजार सरासरी घसरवू शकतो, पण तो वाजवणाऱ्यांची संख्या वाढवतो, आणि संख्येतून जाणकारी येते. आजही हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण बाख आणि कूपरँ यांच्याकडेच वळतात, आणि आर्नचे सोनाटे वा रोझिंग्रेव्हचे सुरांच्या आडवळणांनी भरलेले फ्यूग क्वचितच मैफलीत येतात. हा अन्याय दूर व्हायला हवा, आणि तो कर्कमन वा शूडीच्या मूळ वाद्यांवर ते संगीत वाजवूनच दूर होईल. कारण हे संगीत लिहिणाऱ्यांनी सगळी भिस्त वाजवणाऱ्याच्या हातांवर ठेवली होती. कागदावर वाचून त्याला दुय्यम ठरवणाऱ्यांनी त्याला त्याच्या एकमेव न्याय्य कसोटीपासून लांब ठेवले आहे.